मी सगळं नीट केलं, तरी परूशी मीच का?

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडं कमी करून (परूशी म्हणजे येशूच्या काळातले, नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी):

"जय ख्रिस्त मॅडम. मी जेलरोडला राहते, वय 47. माहेर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, पणजोबा शरणपूरचे. मिस्टर प्रेसमध्ये आहेत. लग्न झाल्यापासून घरातलं सगळं मीच बघते, सासरे अंथरुणावर होते तेव्हा त्यांचं सगळं मीच काढलं. संडे स्कूल घेते, महिला मंडळाची सेक्रेटरी आहे, चर्चला मिळकतीचा दशमांश द्यायला एकदाही चुकले नाही, वही आहे माझ्याकडे. धाकटे दीर मात्र पहिल्यापासून दारूतले. सातपूरची नोकरी घालवली, सिन्नरकडची वाटणीची जमीन विकून खाल्ली, बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. आम्ही वेळोवेळी दिलेले पैसे पण वहीत आहेत. आता चारेक महिन्यांपूर्वी कुठल्यातरी सेंटरमध्ये राहून आले, म्हणे सोडली. आल्या आल्या सासूबाईंनी मटण केलं, शेजारी डबे पाठवले. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा घरात साधा केक आला नव्हता. पाळकांनी त्यांना उपासनेत साक्ष द्यायला उभं केलं, लोक रडले, टाळ्या वाजवल्या, आता शास्त्रपाठ पण त्यांनाच वाचायला देतात. मी कमिटीतल्या एकांना बोलले की ते अजून लपून पितात, मला खात्री आहे, अशी माणसं सुधारत नसतात. त्याच्या पुढच्याच रविवारी पाळक प्रवचनात म्हणाले, आपल्यामध्ये पण परूशी बसलेत, आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून मी चर्चला गेले नाही. रात्री प्रार्थनेला बसले तरी तेच डोळ्यासमोर येतात. नियमाने वागणं हा गुन्हा आहे का?"

ताई, जय ख्रिस्त.

पत्र वाचून पहिला राग आला तो तुमच्या पाळकांचा. भर प्रवचनात एका बाईकडे बघून टोमणा मारायचा म्हणजे काय, सांगायचं होतं तर घरी यायचं, चहा घ्यायचा, समोर बसून बोलायचं. मत्तयाच्या 18व्या अध्यायात येशूने हेच सांगितलंय ना, भावाचा अपराध दिसला तर आधी त्याच्याकडे जा, तुम्ही दोघंच असताना बोल. तर ते त्यांचं चुकलंच. पण त्यांचं चुकलं म्हणून तुमचं आपोआप बरोबर ठरत नाही, आणि तुम्ही विचारलंच आहे तर मी सरळ सांगणार, थोडं लागेल.

नियमाने वागणं गुन्हा नाही, अजिबात नाही. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाचं वर्षानुवर्षं करणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं, रात्री दोनला उठून चादर बदलायची आणि सकाळी सहाला परत डबा, आणि ज्या बाईने हे केलंय तिला नावं ठेवणाऱ्याने आधी एक आठवडा ते करून दाखवावं. संडे स्कूलचं पण तसंच, पोरांकडून वचनं पाठ करून घेणं, नाताळचं नाटक बसवणं, शेवटच्या क्षणी मेंढपाळाला ताप येतो तेव्हा दुसरा मेंढपाळ शोधणं. हे सगळं खरं आहे आणि देवाला माहिती आहे. पण धोका पण नेमका तुम्हालाच आहे, तुमच्या दिरांना नाही. जो कधी उपासच करत नाही त्याला उपासाचा गर्व कुठून येणार?

परूशी म्हटलं की आपल्याला नाटकातला व्हिलन दिसतो, मोठी दाढी लावलेला, ढोंगी, हात चोळणारा. पण लूकचा 18वा अध्याय काढून नीट वाचा, येशूच्या दाखल्यात एक परूशी आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात, त्यातला तो परूशी एक शब्द खोटं बोलत नाहीये. मोशेच्या नियमशास्त्रात वर्षातून एकच उपास सक्तीचा, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा, आणि हा आठवड्यातून दोन करतो. मिळकतीचा दशमांश देतो, व्यभिचार करत नाही, कुणाला लुबाडत नाही. असा माणूस आज आपल्याकडे असता तर त्याला आपण कमिटीवर घेतलं असतं, खजिनदार केलं असतं. बरं, तो श्रेय पण स्वतःकडे घेत नाही, "देवा, मी तुझे आभार मानतो" अशीच सुरुवात आहे, म्हणजे आपण साक्ष देताना बोलतो ना, हे सगळं प्रभूच्या कृपेने झालं बरं का, अगदी तसंच. मग बिघडलं कुठे? एक तर आभार मानता मानता नजर बाजूला गेली, मी ह्या जकातदारासारखा नाही म्हणून आभार. हे सगळ्यांच्याच लक्षात येतं. पण दुसरी गोष्ट जास्त भयानक आहे, त्या अख्ख्या प्रार्थनेत मागणं एकही नाही. पुन्हा वाचून बघा. क्षमा नको, मदत नको, शहाणपण नको, काहीच नको. देवासमोर येऊन त्याने नुसता रिपोर्ट दिला आणि रिकाम्या हाताने घरी गेला, आणि रिकामा गेला हे त्याला कळलंसुद्धा नाही. तो जकातदार काही सज्जन वगैरे नव्हता हं, रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर उकळणारा माणूस, लोक त्याचा तिरस्कार करायचे त्याला कारण होतं. पण त्याने छाती बडवून दया मागितली आणि त्याला ती मिळाली.

स्वतःला नीतिमान समजण्याचा आध्यात्मिक धोका म्हणतात तो हाच, बाकी कुठला नाही. लोक म्हणतात गर्वाने माणूस उद्धट होतो, नाती तुटतात, ते तर होतंच, पण ते नंतरचं. आधी काय होतं तर मागणं बंद होतं. दारूचं पाप दिसतं तरी, वास येतो, नोकरी जाते, बायको जाते, माणूस कधीतरी भिंतीवर डोकं आपटून म्हणतो की देवा आता माझ्याने होत नाही. ह्या पापात मात्र तब्येत ठणठणीत वाटते. वैद्याची गरज निरोग्यांना नाही, दुखणाइतांना आहे असं येशू म्हणाला, तेव्हा समोर बसलेल्यांमध्ये खरंच निरोगी कोण होते? कुणी नव्हतं. काहींना फक्त तसं वाटत होतं, आणि ज्यांना वाटत होतं ते औषध घ्यायला आलेच नाहीत.

जाता जाता एक गंमत सांगते, म्हणजे तुम्ही एकट्या नाही हे कळेल. अगदी सुरुवातीच्या काळातलं, पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचं, दिदाखे नावाचं मंडळ्यांसाठीचं एक छोटं नियमांचं पुस्तक आहे. त्यात उपासाबद्दल लिहिलंय की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही त्यांच्यासारखं करू नका, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा! झालं, वार बदलला की आपण वेगळे. येशूने एवढी गोष्ट सांगून शंभर वर्षं पण नीट झाली नसतील.

आता तुमच्या घरातलं. तुमचं पत्र वाचताना मला लूकचाच 15वा अध्याय दिसत होता, आणि तुम्ही संडे स्कूल घेता म्हणजे उधळ्या पुत्राची गोष्ट पोरांना फ्लॅनेल बोर्डवर चित्रं लावून कितीदा तरी सांगितली असेल. धाकटा मुलगा वाटणी घेऊन दूरदेशी उडवतो, डुकरं राखायची वेळ येते, परत येतो तेव्हा बाप मेजवानी देतो. पण आपण ती डुकरांपासून मटणापर्यंत सांगतो आणि थांबतो, थोरल्या भावाचं चित्र बोर्डवर लावायचं राहूनच जातं. मुळात ती गोष्ट सांगितलीय कुणाला, अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे, येशू पाप्यांना जवळ करतो आणि त्यांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करत होते, त्यांना. म्हणजे थोरला भाऊ हा शेपटाला जोडलेला भाग नाहीये, गोष्ट त्याच्यासाठीच आहे.

तो शेतातून येतो, दमून, घामाघूम, घरात गाणं-बजावणं चालू आहे आणि ते कशाचं हे त्याला नोकराला विचारावं लागतं. ह्याचं मला नेहमी वाईट वाटतं. घरात एवढी पार्टी आणि शेतावर राबणाऱ्या पोराला कुणी निरोप धाडला नाही. तुमच्या पंचविसाव्याला केक आला नाही ते ह्याच्यातलंच आहे, आणि ते दुखणं खरं आहे, त्याला गर्व म्हणायची घाई मी करणार नाही. पण मग तो बोलतो काय ते बघा. इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय, एकदाही तुमची आज्ञा मोडली नाही, मला कधी करडूसुद्धा दिलं नाहीत मित्रांबरोबर मजा करायला. करडू त्याने कधी मागितलं होतं का? गोष्टीत तरी नाही. आणि वाटणी तर दोघांनाही झाली होती, 12व्या ओवीत आहे, बापाने दोघांमध्ये मालमत्ता वाटून दिली, आणि जुन्या करारातल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायाप्रमाणे थोरल्याचा वाटा दुप्पट. म्हणजे करडू काय, सगळा कळपच त्याच्या नावावर होता आणि हा स्वतःच्या घरात नोकरासारखा राहत होता, मनात पगार मोजत. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, बाळा तू नेहमीच माझ्याजवळ आहेस, माझं ते सगळं तुझंच आहे. ह्याला बापाजवळ असण्याची मजाच कधी आली नाही. पोरगा म्हणून राहायचं सोडून कामगार म्हणून राहिला, आणि मग दुसऱ्याला फुकट मिळालं की कामगाराला राग येणारच ना.

आणि अजून एक, हे जरा सावकाश वाचा ताई. धाकट्याने पैसे कसे उडवले ते गोष्ट सांगताना येशू एवढंच म्हणतो की त्याने उधळेपणाने वागून मालमत्ता उडवली. कसबिणींचा उल्लेख तिथे नाही. तो येतो थोरल्याच्या तोंडून, तुमची मालमत्ता कसबिणींबरोबर खाऊन टाकली. त्याला कुणी सांगितलं? तो तर दूरदेशी गेलाच नव्हता, शेतात होता. त्याने भर घातली. आपण सरळ आहोत हे सिद्ध करायला समोरचा आहे त्याच्यापेक्षा थोडा जास्त वाकडा लागतो, मग मन ते बरोबर पुरवतं, आणि आपल्याला ते खोटं बोलल्यासारखं वाटत पण नाही, वाटतं की मला खात्री आहे. तुमच्या पत्रात हेच शब्द आहेत. लपून पितात, मला खात्री आहे. मी पत्रात शोधलं, कुठे बघितलं, वास आला का, बाटली सापडली का, कुणी सांगितलं का. काहीच नाही. त्याच्यापुढे फक्त एवढंच की अशी माणसं सुधारत नसतात. ह्याच्यावर मी शेवटी परत येणार आहे, कारण बाकी सगळं तुमच्या मनात आहे पण हे तुमच्या मनाबाहेर गेलंय, कमिटीत पोचलंय.

आता वहीचं. दशमांश लिहून ठेवणं ह्यात काही वावगं नाही, संसारी बाई हिशोब ठेवणारच. पण एकाच वहीत देवाला दिलेलं आणि दिराला दिलेलं लिहिलंय म्हटल्यावर मला जरा धसका बसला, कारण मग दोन्ही उधारीच झाली, देवाकडून पण येणं आणि त्यांच्याकडून पण येणं. प्रेषित पौलाकडे अशीच एक यादी होती, फिलिप्पैच्या 3ऱ्या अध्यायात आहे. आठव्या दिवशी सुंता, बन्यामीनच्या वंशातला, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, नियमशास्त्राने मिळणाऱ्या नीतिमत्त्वात निर्दोष. वाचताना आपल्याकडच्या एखाद्या कार्यक्रमातली पाहुण्यांची ओळख करून देताहेत असं वाटतं. आणि लगेच तो म्हणतो की जे जे मला लाभाचं वाटत होतं ते ख्रिस्तासाठी हानीचं समजलो, केरकचरा समजलो. बघा, सुंता वाईट होती किंवा निर्दोष असणं वाईट होतं असं तो कुठेही म्हणत नाही. जमेच्या रकान्यात ती गोष्ट धरायची नाही, एवढंच. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा 13वा अध्याय तर तुम्हाला पाठ असेल, प्रत्येक लग्नात वाचतात, त्यात प्रीती अपकार स्मरत नाही असंही आहे, ते वाचताना तुमची वही मनात आली होती का कधी?

आणि तीन पिढ्यांचं, शरणपूरच्या पणजोबांचं. सांगायला छानच आहे, पण शरणपूर काय होतं हे आपल्या नाशिककरांना माहिती पाहिजे. एकोणिसाव्या शतकात सीएमएसच्या, म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीच्या, मिशनऱ्यांनी ती वस्ती वसवली तेव्हा तिथे कोण आलं, ज्यांना कुठेच थारा नव्हता ते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढली, सुतारकाम लोहारकाम शिकली, त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट, मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं प्रेत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये होता आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला पण हजर होता. नाशिकच्या मिशनच्या शाळेत शिकलेला पोरगा! तर तुमचे पणजोबा कुठल्या वंशाचे होते मला माहिती नाही, पण ते ज्या जागी राहिले ती जागा मुळात आसऱ्याला आलेल्यांची होती. सेंटरमधून बाहेर आलेला एक माणूस मंडळीत बसतो तेव्हा तो तुमच्या वारशाच्या बाहेरचा नाहीये, आतलाच आहे.

ह्याच विषयावर आपल्याच भागातलं अजून एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. लक्ष्मीबाई टिळक मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि त्यांनी आपल्या आठवणींत वडिलांच्या सोवळ्याबद्दल लिहिलंय, बाहेरून आणलेलं मीठ-साखरसुद्धा धुवून घ्यायचे. वाचताना हसू येतं, पण घरातल्यांचे काय हाल झाले असतील. त्यांचे मिस्टर, कवी नारायण वामन टिळक, ह्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्याच्यानंतरसुद्धा कितीतरी काळ लक्ष्मीबाई स्वतःचं सोवळं सांभाळून होत्या, ते सुटायला वेळ लागला, आणि त्यांनी ते काही न लपवता, स्वतःवर हसत हसत लिहिलंय. आम्ही ख्रिस्ती लोक म्हणतो की आमच्यात सोवळं नाही. नाही कसं, आहे की. कोण कुठल्या बाकावर बसतो, कोणाच्या हातून प्रभुभोजनाचा प्याला गेला, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला जाणारे ते कॅथलिक, आपण तसले नाही, हॉलमधल्या प्रार्थनेला जाणारे ते नवीन, आपण जुने. माणसाला धुवून घ्यायला काहीतरी लागतंच.

आता तुम्ही म्हणाल, बरं बाई, कळलं, आजपासून मी नम्र होते. तिथेच पुढची गंमत सुरू होते. चौथ्या-पाचव्या शतकातला जॉन कॅशियन नावाचा एक मठवासी होता, त्याने जुन्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून ठेवलंय की हा पोकळ अभिमान कांद्यासारखा असतो, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. लासलगावच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. भारी कपडे घातले तर कपड्यांचा अभिमान, साधे घातले तर साधेपणाचा, उपास जाहीर केला तर उपासाचा आणि लपवला तर लपवण्याचा. म्हणून मी तुम्हाला नम्र व्हा असं सांगतच नाही, त्याने काही होत नाही, उलट अजून एक काम वाढतं आणि तुम्ही कामाला वाघ आहात, ते पण शंभर टक्के मार्कांनी करून दाखवाल. त्यापेक्षा मागायला शिका, ज्याला मागावं लागतं त्याला वर चढून बसायला वेळ मिळत नाही.

घरात सुद्धा मागा. मिस्टरांना सांगा की मी दमलेय, आठवड्यातून दोन दिवस तुमच्या आईचं तुम्ही बघायचं, शिफ्ट असली तरी. सासूबाईंना सांगा की पंचविसाव्याला कुणी काही केलं नाही त्याचं मला वाईट वाटलं. त्या म्हणतील, अगं मग तेव्हा बोलायचं नाही का. म्हणूदे. करडू मागायचं राहिलं होतं ते मागून टाका, नाहीतर तेच आतल्या आत आंबून दुसऱ्याच्या मटणावर निघतं, जसं आत्ता निघालंय.

प्रार्थनेत दीर डोळ्यासमोर येतात म्हणालात. येणारच, आणि हटवायला गेलात तर जास्त येतील. लांबलचक प्रार्थना काही दिवस बंदच ठेवा. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये एक छोटी प्रार्थना शतकानुशतकं चालत आलीय, प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर, शेवटचा भाग सरळ त्या जकातदाराकडूनच घेतलाय. तेवढीच म्हणा, भांडी घासताना, सिटीलिंकच्या बसमध्ये, कुठेही. तिच्यात दुसऱ्या कुणाचं नाव घालायला जागाच नाहीये, तोच तिचा फायदा. दीर दिसले तर दिसूदे, वाक्य बदलायचं नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. चार महिन्यांच्या माणसाला माइक हातात देऊन उभं करणं आणि टाळ्या वाजवणं मला पण पटलेलं नाही. त्यांच्या पापामुळे नाही, त्यांच्या तब्येतीमुळे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, जी 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावात दोन दारूड्यांच्या भेटीतून सुरू झाली, तिच्या नावातच निनावी राहणं आहे, त्याला कारण आहे, माणूस हिरो झाला की घसरला तरी सांगू शकत नाही. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी बघा, दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करणं. मला तर ती लूकच्या 18व्या अध्यायातूनच उचलल्यासारखी वाटते. तुमचे दीर सेंटरमध्ये राहून आले म्हणजे हे वाक्य त्यांनी कुणासमोर तरी मोठ्याने म्हटलं असण्याची शक्यता आहे, आपण चर्चमध्ये पापांगिकार सगळ्यांबरोबर एका सुरात वाचतो, तसं नाही, एकट्याने. आणि घरच्यांसाठी अल-ॲनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात, तिथे दारू न पिणारे बसतात, दारूवाल्याबरोबर राहून जे वाकडे झालेत ते. जमलं तर जाऊन या, तुम्हाला तिथे तुमच्यासारख्या वह्या ठेवणाऱ्या पुष्कळ भेटतील.

क्षमा केली म्हणजे हातात पैसे द्यायचे असं मात्र नाही. रोख देऊ नका, जमिनीच्या कागदाचा काही विषय निघाला तर मिस्टरांनी वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको, चर्चच्या वर्गणीचे पैसे मोजायला कधीही कुणाही एकट्याला बसवू नये, तो दीर असो नाहीतर पाळक असोत. हे सगळं शहाणपण आहे. गलतीकरांच्या 6व्या अध्यायात पौल लिहितो की कुणी एखाद्या अपराधात सापडला तर त्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा, आणि स्वतःकडे पण लक्ष ठेवा, तुम्ही मोहात पडू नये म्हणून. कुठल्या मोहात ते त्याने सांगितलेलं नाही, आपण गृहीत धरतो की त्याच अपराधाच्या. तुम्ही काही दारू पिणार नाही, तुमचा मोह दुसरा आहे.

आणि आता ते कमिटीचं. दहा आज्ञांमधली खोट्या साक्षीची आज्ञा पोरांना शिकवताना आपण खोटं बोलू नये एवढंच शिकवतो, पण तिथे शब्द आहेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस. तुम्ही जे बोललात ते बघितलेलं नव्हतं आणि ते एका माणसाविरुद्ध होतं. चर्चला परत जायच्या आधी हे निस्तरा, कारण हे नाही निस्तरलं तर तुम्ही कुठल्याही बाकावर बसलात तरी तिथून तुम्हाला तेच दिसणार. ज्यांना बोललात त्यांनाच सांगा, पाळकांना नाही, सगळ्या महिला मंडळाला तर नाहीच नाही. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, ते फॉरवर्ड होतं, फोन करा. दोन वाक्यं पुरे, मी दीर लपून पितात असं म्हटलं होतं, मी तसं काही बघितलेलं नाही. ते विचारतील मग बोललात कशाला, तर रागात बोलले एवढं म्हणा, आणि त्या रागाची कारणं सांगत बसू नका, सासूबाई, मटण, केक काही नको, कारण ती सुरू झाली की फोनच्या शेवटी परत तुम्हीच बरोबर ठरणार. त्यांनी ते अजून कुणाला सांगितलं असेल तर तिथेही दुरुस्त करायला सांगा. दिरांची माफी आत्ता मागायला जाऊ नका, त्यांना कदाचित ह्यातलं काही माहितीच नसेल आणि चार महिन्यांत त्यांना नवीन ओझं नको. माहिती आहे असं कळलं तर मात्र जा, मिस्टरांना बरोबर न घेता.